रागुझाचा उंबरठा

व्यापारावर जगणाऱ्या प्रत्येक बंदराला एक कोडे जन्मभर सोडवीत बसावे लागते. दार उघडे ठेवावे, तर मालाबरोबर शत्रू येतो, रोगही येतो. दार लावून घ्यावे, तर घरातली चूल विझते. हे कोडे ज्याने शतकानुशतके मोठ्या शहाणपणाने सोडविले, आणि आज ज्याच्यापुढे ते नवा वेष घेऊन पुन्हा उभे राहिले आहे, असे एक शहर एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. त्याचे आजचे नाव दुब्रोव्हनिक. इतिहासातले नाव रागुझा. इंग्रजीत मालाने भरलेल्या मोठ्या गलबताला ‘आर्गोसी’ असा एक जुना शब्द आहे. तो या रागुझाच्या नावावरूनच पडला. एवढ्यावरून या लहानशा शहराची गलबते एके काळी किती दूरवर जात असतील, याची कल्पना श्रोत्यांनी करावी.

हे शहर पाहावे ते उन्हाळा उतरणीस लागल्यावर. युरोपच्या या दक्षिण भागात पावसाळा उन्हाळ्याच्या पोटातून येत नाही. तेथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस पडतो तो शरद आणि हेमंत ऋतूंत. जुलैच्या दहा तारखेस सुरू झालेला नाट्यसंगीताचा उत्सव ऑगस्टच्या पंचविसाव्या दिवशी संपतो. 1950 सालापासून हा क्रम चालत आला आहे. उत्सव संपला, की शहराचा श्वास जरा मोकळा होतो. समुद्राचे पाणी महिनोन्‌महिने ऊन पिऊन कोमट झालेले असते. बाजारात अंजिरे आणि द्राक्षे येतात. मागच्या डोंगरावरची झुडपे करपून गेलेली असतात, आणि वैशाखाच्या अखेरीस कोकणातला शेतकरी ज्या नजरेने आभाळाकडे पाहतो, त्याच नजरेने तेथील बागाईतदार पहिल्या सरीची वाट पाहत असतो. आग्नेयेकडून दमट वारा सुटला, की त्याला ‘जुगो’ म्हणतात. डोंगरावरून कोरडा, थंड वारा कोसळला, की त्याला ‘बुरा’ म्हणतात. हे दुसरे नाव ऐकून मराठी माणसाला हसू येईल. परंतु वादळात सापडलेल्या खलाश्याला ते मुळीच चुकीचे वाटणार नाही.

प्रवासी शहरात शिरतो तो बहुधा पश्चिमेकडच्या पीले नावाच्या वेशीतून. पुढे खंदक आहे, खंदकावर पूल आहे, आणि वेशीच्या माथ्यावर संत व्लाहो यांची दगडी मूर्ती आहे. हे या शहराचे ग्रामदैवतच म्हणावयाचे. त्यांच्या हातात सबंध शहराची प्रतिकृती आहे. कडेवरच्या मुलाप्रमाणे त्यांनी ती सांभाळली आहे. प्रजासत्ताकाच्या काळात रोज सायंकाळी हा पूल उचलला जाई आणि वेशीच्या किल्ल्या समारंभपूर्वक राज्यप्रमुखाच्या स्वाधीन होत. या राज्यप्रमुखाला ‘क्नेझ’ म्हणत. त्याची मुदत किती? अवघा एक महिना! त्या महिन्यात त्याने राजवाड्यातच राहावयाचे. सरकारी कामावाचून बाहेर पडावयाचे नाही. सभागृहाच्या दारावर लॅटिन भाषेत त्या वेळची आज्ञा कोरलेली आहे. खाजगी गोष्टी विसरा आणि सार्वजनिक कामाकडे लक्ष द्या, असा तिचा भावार्थ आहे.

माणसाच्या मोहाविषयी या शहराला कसलाही भ्रम नव्हता. पश्चिमेच्या वेशीबाहेर एका उंच खडकावर लोव्ह्रियेनात्स नावाचा किल्ला आहे. त्याची समुद्राकडील भिंत सुमारे 12 मीटर जाड. शहराकडील भिंत मात्र अवघी 60 सेंटिमीटर. हा गवंड्याचा हलगर्जीपणा नव्हे. किल्लेदार फितूर झाला, तर शहराच्या तोफांना ती भिंत सहज पाडता यावी, अशीच ती योजना होती. शत्रूसाठी जाड आणि आपल्या माणसासाठी पातळ भिंत बांधणारे राज्यकर्ते इतिहासात फार थोडे सापडतील.

वेशीच्या आत येताच उजव्या हाताला ओनोफ्रियोचे मोठे कारंजे लागते. सुमारे 12 किलोमीटरवरील झऱ्याचे पाणी 1438 साली येथे आणले गेले. समोर फ्रान्सिस्कन मठ आहे. त्यातील औषधालयाची स्थापना 1317 सालची. तेथून पुढे स्त्रादून हा मुख्य रस्ता सरळ बंदराकडे जातो. या रस्त्याच्या जागी एके काळी उथळ पाण्याचा पट्टा होता. तो बुजवून पलीकडची वस्ती आणि अलीकडचा किनारा एक करण्यात आला. त्याच्या चुनखडीच्या लाद्या इतक्या पावलांनी घासल्या गेल्या आहेत, की तिन्हीसांजेस दिव्यांच्या उजेडात कोरडा रस्ताही पावसाने भिजल्यासारखा दिसतो. दोन्ही बाजूंची घरे एकाच साच्यातली आहेत. 1667 सालच्या एप्रिल महिन्याच्या सहाव्या दिवशी भूकंपाने हे शहर कोसळले. हजारो माणसे गेली, त्यांत खुद्द क्नेझही गेला. त्यानंतर शहर पुन्हा बांधताना हा रस्ता एकसारख्या घरांचा करण्यात आला.

रस्त्याच्या पूर्व टोकाला स्पोन्झा नावाचा वाडा आहे. तो भूकंपातूनही उभा राहिला. हे त्या काळचे जकातघर. त्याच्या कमानीवर वजनकाट्यासंबंधी एक लेख आहे. येथील वजने फसवू देत नाहीत. आणि माल तोलताना तोलणाराही देवाकडून तोलला जातो, असा त्याचा आशय आहे. ज्या शहराची पत व्यापाऱ्याच्या शब्दावर उभी, त्याने खोटे माप हे महापाप मानावे, हे योग्यच होते. 1416 साली तर येथील मोठ्या सभेने आपल्या नागरिकांना माणसांच्या खरेदीविक्रीची मनाई केली. कितीही नफा असला तरी काही माल या उंबरठ्यावरून न्यावयाचा नाही, हे त्या वेळच्या व्यापारी जगात नवलाचेच म्हटले पाहिजे.

परंतु या शहराच्या शहाणपणाची खरी खूण पाहावयाची, तर पूर्वेच्या प्लोचे वेशीतून बाहेर पडावे. समुद्राला लागून दहा लांबट दालनांची एक रांग तेथे उभी आहे. तिला लाझारेती म्हणतात. सतराव्या शतकात बांधलेले हे विलगीकरणाचे आवार होय. तुर्की मुलुखातून येणारे तांडे या वेशीशी थांबत; माणसे आणि माल यांना ठरलेले दिवस येथेच काढावे लागत, आणि मगच आत प्रवेश मिळे. या व्यवस्थेचे मूळ मात्र त्याहून अडीचशे वर्षे जुने आहे. 1377 सालच्या जुलै महिन्यात रागुझाच्या मोठ्या सभेने ठराव केला, की प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्या कोणीही, मग तो परका असो वा घरचा, मर्कान बेटावर किंवा त्साव्ह्तात गावी एक महिना काढल्यावाचून शहरात पाऊल टाकू नये. पुढे हा काळ इतरत्र चाळीस दिवसांचा झाला, आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या शब्दापासून ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर रूढ झाला.

या ठरावाचे मर्म मराठी श्रोत्यांना अधिक कळावे. 1896 सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, म्हणजे बंदराच्या वखारींच्या कुशीतच, प्लेगने डोके वर काढले. दुसऱ्या वर्षी पुण्यात बंदोबस्ताच्या नावाखाली सोल्जर घराघरांत शिरले. त्या दिवसांच्या कडू आठवणी अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. 2020 साली कोरोनाच्या साथीत विलगीकरण हा शब्द पुन्हा प्रत्येकाच्या तोंडी आला. रोग आवरावयाचा तर निर्बंध हवेत, यात वाद नाही. वाद असतो तो निर्बंध कोणावर आणि कसे, याविषयी. रागुझाच्या ठरावात घरच्या माणसाला सवलत नव्हती, यातच त्याचे बळ होते. आणि दुसरी गोष्ट अशी, की त्या शहराने बंदर बंद केले नाही. ‘येऊ नका’ असे ते म्हणाले नाही. ‘थांबा, मग या’ असे म्हणाले.

राजकारणातही त्याने हीच रीत चालविली. पंधराव्या शतकात तुर्कांचे साम्राज्य वेशीपर्यंत आले, तेव्हा तलवार उपसण्याऐवजी रागुझाने खंडणी कबूल केली. पुढे वर्षाला 12,500 सुवर्णमुद्रा ती देत असे, आणि तिच्या मोबदल्यात सुलतानाच्या साऱ्या मुलुखात व्यापाराची मोकळीक मिळवीत असे. व्हेनिस हे तिचे खरे प्रतिस्पर्धी. 1699 सालच्या तहानंतर व्हेनिसची हद्द आपल्या हद्दीला भिडू नये, म्हणून तिने दोन्ही टोकांना किनाऱ्याची एकेक पट्टी तुर्कांच्या हवाली केली. त्यांपैकी नेऊमची पट्टी आजही बोस्नियाचा एकुलता एक समुद्रकिनारा आहे. अशा युक्तीने जगलेले हे प्रजासत्ताक अखेर 1808 साली नेपोलियनच्या सेनापतीच्या एका हुकुमाने नाहीसे झाले. युक्तीलाही मर्यादा असतात.

त्यांतील सर्वांत कटु मर्यादा शहराने अलीकडेच अनुभवली. सुमारे 1,940 मीटर लांबीच्या तटावरून फेरी मारताना खाली लाल कौलांचा समुद्र पसरलेला दिसतो. नीट पाहिले तर काही कौले जुनी, फिकट आणि शेवाळलेली आहेत. बहुतेक मात्र भडक, नव्या रंगाची आहेत. 1991 सालच्या ऑक्टोबरात युगोस्लाव्ह सैन्याने या शहराला वेढा घातला, आणि 6 डिसेंबर रोजी त्यावर तोफांचा सर्वांत मोठा भडिमार झाला. जुन्या शहरातील 824 इमारतींपैकी 563 इमारतींना गोळे लागले. 1979 सालापासून हे शहर जागतिक वारसा म्हणून मान्य झालेले होते. त्या मानाचे चिलखत मात्र झाले नाही. नवी कौले म्हणजे त्या हिवाळ्याचे वळच होत. तटावरून फिरणारे पुष्कळ प्रवासी त्यांच्या तांबूस शोभेचे कौतुक करतात, आणि ती नवी का, हे विचारीत नाहीत.

आता संकट आहे ते या प्रवाशांचेच. ते शत्रू नव्हेत. शहराची चूल आज त्यांच्यावरच पेटते. पण ग्रूझच्या नव्या बंदरात प्रचंड सफरी जहाजे लागतात, आणि हजारो माणसे काही तासांसाठी एकदम त्या अरुंद वेशींतून आत लोटतात. दूरचित्रवाणीवरील एका गाजलेल्या मालिकेचे चित्रण येथे झाल्यापासून ही गर्दी अधिकच वाढली. वाण्याच्या दुकानाच्या जागी शोभेच्या वस्तूंचे दुकान येते. घर विकले जाते किंवा पाहुण्यांना भाड्याने दिले जाते. तटाच्या आत 1991 साली पाच हजारांच्या घरात माणसे राहत; आज त्यांची संख्या निम्म्याहून पुष्कळ खाली आली आहे. तोफांनी जे साधले नाही, ते काम भाड्याच्या खोल्या मुकाट्याने करीत आहेत.

शहराने यावर जो उपाय योजिला आहे, तो पाहून जुन्या सभासदांना संतोष वाटला असता. वेशींवर यंत्रे बसवून आत किती माणसे आहेत, याची मोजणी होते. 2019 साली असे ठरविण्यात आले, की एका वेळी दोनच सफरी जहाजे आणि त्यांचे चार हजारांपर्यंत प्रवासी असावेत. बंदी नाही, माप आहे. ‘येऊ नका’ नव्हे. ‘थांबा, मग या’. मात्र 1377 च्या ठरावाचा दुसरा अर्धा भाग अधिक कठीण होता, आणि तो आजही कठीणच आहे. नियम घरच्यांवरही हवा. जहाजांना थांबवून ठेवणे सोपे. आपली रिकामी खोली पाहुण्याला न देता शेजाऱ्याला देणे अवघड.

उन्हाळ्याच्या अखेरीस सायंकाळी जहाजे भोंगे वाजवीत निघून जातात. लोक्रुम बेटावरून परतणारी शेवटची होडी जुन्या बंदरात लागते. स्त्रादूनवरच्या खिडक्यांत दिवे लागू लागतात, आणि तेव्हा चाणाक्ष प्रवासी एक हिशेब मनात करतो: यांतल्या किती दिव्यांखाली पाहुणे जेवत आहेत आणि किती दिव्यांखाली मुले अभ्यास करीत आहेत? ज्या शहरात दुसऱ्या प्रकारचे दिवे उरतात, तेच बंदर म्हणून जगते. बाकीचे नुसते पाहण्यासारखे राहते. रागुझाने मृत्यूला महिनाभर दाराबाहेर बसविले होते. आज तिला आपली लेकरे दाराच्या आत ठेवावयाची आहेत, आणि दारही लावावयाचे नाही. पहिल्या पावसाची वाट पाहणारे ते शहर हाच विचार करीत असते.