संगणकांची जंत्री

लग्नकार्य उरकलें कीं घरची कर्ती बाई भांडीं मोजून घेते. एखादी वाटी कमी भरली तर तिचा माग यादीवरूनच लागतो. कचेरींतील संगणकांचेंहि तसेंच आहे.

डिसेंबर २०२१ मध्यें ‘लॉग फोर जे’ या छोट्या प्रोग्रॅममध्यें मोठा दोष असल्याचें जाहीर झालें. हा प्रोग्रॅम इतर असंख्य प्रोग्रॅमांच्या पोटांत दडलेला असतो. त्यामुळें जगभरच्या संस्थांना उपाय करण्याआधीं, तो आपल्याकडे कोठें कोठें आहे, हेंच शोधावें लागलें.

अशा मोजदादीसाठीं ‘ओसीएस इन्व्हेंटरी’ हें फ्रान्समध्यें वाढलेलें साधन उपयोगी पडतें. प्रत्येक संगणकावर ‘एजंट’ नांवाचा लहानसा प्रोग्रॅम बसवितात. तो यंत्राचा प्रोसेसर, स्मृति, डिस्क आणि त्यावरील सॉफ्टवेअर यांची यादी करून मध्यवर्ती सर्व्हरकडे धाडतो. कांहीं एजंट जाळ्यांतील शेजारच्या यंत्रांचाहि शोध घेतात. त्यामुळें नोंद नसलेला पाहुणा ध्यानांत येतो.

या साधनाची मूळ आज्ञावली जीपीएल परवान्याखालीं सर्वांस खुली आहे. तें फुकट मिळतें, हा लाभ खराच. पण घरांतील प्रत्येक कपाट उघडणारा कारकून काय लिहून घेतो, हें धन्याला तपासतां येतें, हा लाभ त्याहून मोठा.

अशा यादीला पोटांत दडलेलें सर्वच दिसतें असें नाहीं, आणि दुरुस्ती अखेर माणसालाच करावी लागते. परंतु संकटाच्या रात्रीं कोणतें दार प्रथम तपासावें, हें यादी असेल तरच कळतें.