बक्षीस कोणते द्यावे?



जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या धाराशिवास भरले. त्या निमित्ताने ग्रंथ आपल्या दाराशी आले. एरवी खेड्यातील पुष्कळ मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नसते. म्हणून १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी अथवा स्नेहसंमेलनात पेला-वाटीऐवजी पुस्तक द्यावे. मात्र ते मुलानेच निवडावे. चार-पाच पुस्तके पुढे मांडावी, त्यास चाळू द्यावे; इयत्तेहून सोपे निवडले तरी हरकत घेऊ नये. सोबत एक कोरी वही द्यावी व तीतील लेखनास लाल शाई लावू नये. हे बक्षीस केवळ पहिल्या क्रमांकास नव्हे, अडखळत वाचणाऱ्यासही मिळावे. खरी गरज त्यालाच आहे.