शाळेच्या कपाटात कोणते सिनेमे ठेवायचे?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी ग्रंथपाल. भाषण करण्याची सवय नाही, ‘शांतता राखा’ म्हणायची आहे. पण आपल्या बॅचने शाळेला भेट म्हणून चित्रपटांचे एक कपाट द्यायचे ठरवले आणि त्याची यादी करण्याचे काम माझ्यावर टाकले. पैसे जमलेत ते पंचवीस सिनेमे, एक प्रोजेक्टर आणि एक पडदा यांना पुरतील एवढे. यादीसाठी आपल्या ग्रुपवर सुचवलेली नावे मात्र दीडशेच्या वर गेली. म्हणून निवड कशी करायची, हे आज तुमच्यासमोर मांडतो.

पहिला प्रश्न काही मित्रांनी विचारलाच आहे. सगळे मोबाइलवर मिळते, मग कपाट कशाला? याचे उत्तर वाघोलीपासून तासाभराच्या अंतरावर, लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. तिथले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले. पी. के. नायर यांनी ते उभे केले आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत आयुष्य त्यात घातले. त्याआधी आपल्याकडे जुना सिनेमा म्हणजे भंगार होते. रिळांमधली चांदी काढून उरलेले टाकून दिले जाई. भारतात हजाराहून अधिक मूकपट बनले, त्यांतले फार थोडे आज पाहायला मिळतात. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालचा. त्याची एकही प्रत उरलेली नाही. तेव्हा लोकांनी तो गर्दी करून पाहिला होता. पाहणारे खूप होते, जपणारा कोणी नव्हता. मोबाइलवरचेही तसेच आहे. आज दिसणारा सिनेमा कंपनीचा करार संपला की उद्या नाहीसा होतो, आणि तो कुठे गेला हे कोणी सांगत नाही.

पण नायरसाहेबांचे काम आणि आपले काम यांत एक फरक आहे. संग्रहालयाने निवड करू नये, चांगले-वाईट न पाहता सगळे जपावे, असे ते मानत. मारधाडीचा स्टंटपट असो की पुरस्कार मिळालेला, उद्याच्या अभ्यासकाला काय लागेल हे आज कोण सांगणार? शाळेच्या ग्रंथालयाला ही चैन परवडत नाही. आपल्याकडे एक कपाट आहे. आपल्याला निवडावेच लागते, आणि निवडले म्हणजे काहीतरी बाहेर ठेवावे लागते.

सुचवलेल्या नावांवरून दोन तट पडलेले दिसतात. आपले गुरुजन आणि काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, अभिजात तेवढेच ठेवा. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘श्यामची आई’. मागच्या बाकावरची मंडळी म्हणतात, ‘अशी ही बनवाबनवी’ नसेल तर वर्गणी परत द्या. (ही मंडळी तेव्हाही अशीच होती, सरांना आठवत असेल.)

माझे म्हणणे असे की दोन्ही ठेवावेत, पण दोन्हींची कसोटी वेगळी आहे. अभिजात सिनेमा म्हणजे काळ बदलला तरी ज्याचे काम संपत नाही असा. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण मी तो त्या गौरवासाठी निवडत नाही. त्यातली आवली नवऱ्यावर खेकसते, म्हैस सांभाळते, पोरांच्या पोटाची काळजी करते. आठवीतल्या मुलीला ती आजही घरातली वाटते. ‘शेजारी’ १९४१ सालचा. एका गावातले दोन म्हातारे जिवलग मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, आणि गावात धरण बांधायला आलेल्यांनी त्यांच्यात घातलेली फूट. तो का ठेवायचा, हे मी वेगळे सांगायला नको. ‘श्यामची आई’ला राष्ट्रीय पुरस्कारांचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुस्तक आणि चित्रपट शेजारी शेजारी ठेवता येतील, म्हणून तो शाळेत हवाच.

दुसरा प्रकार म्हणजे लोकांनी डोक्यावर घेतलेला, पाठ केलेला सिनेमा. त्याला प्रतिष्ठा पंडितांनी दिलेली नसते. ‘बनवाबनवी’ १९८८ सालचा, मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मधली. हिंदी चित्रपट विस्मरणात गेला, मराठी घराघरांत राहिला. असे का झाले, हा नववीच्या वर्गात तासभर चर्चा करण्यासारखा विषय आहे. शिवाय पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही, ही त्यातली मूळ अडचण आजच्या वाघोलीइतकी कोणाला कळणार? ‘जाने भी दो यारों’ १९८३ सालचा. बिल्डर, महापालिकेचा आयुक्त, कोसळणारा पूल. २०२१ साली आपणही महापालिकेत गेलो, तेव्हा हा सिनेमा वरच्या वर्गांसाठी नागरिकशास्त्राला पूरक समजावा.

आता ज्या नावावर खरा वाद झाला, ते सांगतो. ‘फँड्री’. आपल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला प्रेमाने बजावले की, हा नको, मुलांना लागेल. सरांचा मी आदर करतो, आणि त्यांची काळजी खरी आहे. कैकाडी समाजातला जब्या, त्याचा शाळेचा गणवेश, आणि वर्गातली मुले पाहत असताना त्याला पकडावे लागणारे डुक्कर. हे पाहताना लागतेच. पण सर, आपल्या वर्गातही दगडखाणीवरून येणारी मुले होती. त्यांना काय नावाने हाक मारली जायची, ते इथल्या प्रत्येकाला आठवते. ती हाक आपण रोज ऐकली आणि कोणी त्यावर धडा घेतला नाही. आज याच बाकांवर राज्याराज्यांतून आलेल्या मजुरांची मुले बसतात. ज्याला लागेल त्याला ते आधीपासून लागलेलेच आहे. ज्याला लागत नाही त्याने पाहायला हवे. म्हणून माझ्या यादीत ‘फँड्री’ आहे. अट एकच, तो शिक्षकांनी आधी पाहावा, वर्गासोबत बसून दाखवावा आणि नंतरचा तास बोलण्यासाठी मोकळा ठेवावा.

थोडे व्यवहाराचे. प्रती अस्सल, विकत घेतलेल्याच ठेवू. कोणी पेनड्राइव्हवर उतरवून आणू नये. आपल्या कायद्यात चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे राहतात. शाळेच्या कामकाजात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता सिनेमा दाखवायला सवलत आहे. गावासाठी मैदानात पडदा लावायचा तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागेल. प्रमाणपत्र पाहूनच कोणत्या इयत्तेला काय दाखवायचे ते ठरेल. सबटायटल असलेली प्रत मिळाली तर तीच घेऊ, कारण पुष्कळ मुलांची घरची भाषा मराठी नाही.

यादीत आज वीस नावे आहेत. पाच जागा मी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. त्या आपण भरायच्या नाहीत. त्या आत्ता शाळेत शिकणारी मुले भरतील, दर वर्षी एक. त्यांनी निवडलेला सिनेमा आपल्याला आवडला नाही, तरी तो कपाटातून काढायचा नाही, एवढा शब्द आज सगळ्यांनी द्यावा.

वीस नावांची यादी चहाच्या टेबलावर ठेवली आहे. हरकत असेल त्यांनी नावासमोर कारण लिहावे. नुसती फुली चालणार नाही. बाईंनी आपल्याला हेच शिकवले आहे.