तीस टक्के

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा निरोप होता, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." त्यावर हल्ली आमच्या सोसायटीचा वॉचमनही माझ्यापेक्षा बरं बोलतो. म्हणून माझं पोट ज्यावर चालतं, त्यावरच बोलते. विमानातून माल पाठवताना जी माहिती भरावी लागते, तिचं सॉफ्टवेअर मी लिहिते. माझ्याकडे त्यातला धोकादायक मालाचा भाग आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त डोकं खातात त्या लिथियम-आयन बॅटऱ्या.

आपल्या लहानपणी बॅटरी म्हणजे टॉर्चमधले दोन सेल. संपत आले की उन्हात ठेवायचे, नाहीतर दातांनी चावायचे. लिथियमच्या बॅटरीला कृपा करून कोणी चावू नका. तिच्यात थोड्या वजनात भरपूर ऊर्जा कोंबलेली असते आणि आतला द्राव पेट घेणारा असतो. एखादा सेल ठेचला गेला, आतून शॉर्ट झाला किंवा फार तापला, की त्याची उष्णताच आणखी उष्णता तयार करते. याला थर्मल रनअवे म्हणतात. तो सेल शेजारच्याला तापवतो, शेजारचा पुढच्याला. प्रवासी विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन वायू सोडतात. त्याने ज्वाळा बसतात, पण सेलच्या आत चाललेला प्रकार थांबत नाही.

३ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी यूपीएस कंपनीचं ७४७ जातीचं मालवाहू विमान दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालं. विमानात दोनच माणसं, दोन्ही वैमानिक. वीसेक मिनिटांत आगीची घंटा वाजली. दोहा जवळ होतं, पण ते दुबईकडे वळले. काही मिनिटांतच कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की समोरचे आकडे दिसेनात. कॅप्टनचा प्राणवायू बंद पडला, ते जागेवरून उठले आणि परत आले नाहीत. उरलेला वैमानिक न दिसणारं विमान चालवत होता आणि दुसऱ्या विमानांमार्फत दुबईला विचारत होता, मी किती उंचीवर आहे, वेग किती आहे. घंटा वाजल्यापासून साधारण अर्ध्या तासात विमान कोसळलं. दोघंही गेले.

अमिरातीच्या विमान वाहतूक खात्याने २०१३ साली चौकशीचा अहवाल दिला. लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालातच आग लागली असावी, असं त्यात म्हटलं आहे. मला मात्र त्यातली दुसरी एक गोष्ट विसरता येत नाही. विमानात हजारो बॅटऱ्या होत्या, आणि कागदावर धोकादायक माल शून्य होता. निदान तीन खेपा तरी धोकादायक म्हणून नोंदवायला हव्या होत्या. त्या नोंदवल्याच नव्हत्या.

पुढे नियम कडक झाले. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी आली. मालवाहू विमानातून पाठवता येतात, पण त्यांचा चार्ज क्षमतेच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त नको. तीस का? अर्धवट भरलेला सेल बिघडला तरी कमी तापतो आणि शेजाऱ्याला पेटवायची शक्यता कमी होते. शून्यच का नाही? अगदी रिकामी ठेवली तर बॅटरी खराब होते. म्हणजे आठ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये जास्तीत जास्त २.४ शिल्लक ठेवायचे.

आता माझी चूक सांगते. बाई समोर बसल्या आहेत, म्हणजे सांगायलाच हवी.

नियम आला तेव्हा बुकिंगच्या फॉर्ममध्ये चार्जचा रकाना मीच टाकला. लोकांचं टायपिंग वाचावं म्हणून त्यात आधीच '३०' भरून ठेवले. बदलायचे असतील तर बदला. सगळे खूश, मीही खूश. काही महिन्यांनी विमानतळावर माल तपासून घेणाऱ्या एका तपासनीसाचा फोन आला. वयस्कर गृहस्थ, अत्यंत शांत आवाज. म्हणाले, "मॅडम, एक शंका आहे. सगळ्यांच्याच बॅटऱ्या बरोबर तीस टक्के कशा काय?"

मला एकदम आपली प्रयोगशाळा आठवली. ओहमच्या नियमाचा प्रयोग. आदल्या वर्षीच्या जर्नलमधून आपण सगळ्यांनी अँपिअर-व्होल्टची तीच वाचनं उतरवली होती, आणि बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून हेच विचारलं होतं. फरक इतकाच, की या वेळी वह्या दुसऱ्यांच्या होत्या आणि उत्तर मी छापून दिलं होतं.

मी नोंदी काढून बघितल्या. जिकडेतिकडे तीस. कोणी मोजलं होतं, कोणी नाही, ते त्यावरून कळायला मार्गच नव्हता. रकाना रिकामा केला. कोणी मोजलं आणि कशाने मोजलं, असे दोन प्रश्न वाढवले. बुकिंगला वेळ लागायला लागला, गिऱ्हाइकं कुरकुरली, वरिष्ठांनी बोलावून घेतलं. आग कुठे लागली नव्हती. पण ती लागली नाही याचं श्रेय माझ्या फॉर्मला नव्हतं.

हे झाल्यावर दोनेक वर्षांनी आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. नाव सांगत नाही, पण गोष्ट सांगायची परवानगी घेतली आहे. तो एमआयडीसीत फवारणी पंपाचे बॅटरी पॅक बनवतो. पूर्व आफ्रिकेतल्या व्यापाऱ्याने चारशे सुटे पॅक मागवले होते. हंगाम तोंडावर, जहाजाने वेळेत पोचणार नाहीत, म्हणून विमान. पॅक पूर्ण चार्ज केलेले, कारण गिऱ्हाइकाला लगेच वापरायचे. 'यूएन ३८.३' चाचण्या झालेल्या नाहीत. उंचीवरचा कमी दाब, थंडी-उष्णता, हादरे, शॉर्ट सर्किट अशा या चाचण्यांतून पास झाल्याशिवाय बॅटरी पाठवताच येत नाही. त्यांना वेळ लागतो आणि पैसाही. तो म्हणाला, "अगं, 'पंपाचे सुटे भाग' लिहिलं तर? तुझंच सॉफ्टवेअर आहे ना? कोण बघतंय?"

खरं म्हणजे कोणी बघत नव्हतं. बाहेरून खोका तो खोकाच. सॉफ्टवेअरला लिहिलेलं तेवढंच कळतं.

मी नाही म्हटलं. ते बरोबरच होतं, पण ज्या सुरात म्हटलं ते बरोबर नव्हतं. दुबईच्या विमानाची अख्खी हकीकत मी त्याला फोनवर ऐकवली, जणू तो खुनी आहे. त्याच्या डोक्यावर कर्ज होतं, कामगारांचे पगार थकले होते, आणि मी एसीत बसून नियम सांगत होते. ऑर्डर गेली. त्यानंतर दोन दिवाळ्या आम्ही बोललो नाही.

मग एकदा त्याचाच मेसेज आला: "चार्ज उतरवायला स्वस्तात काय वापरू?" पुढचे दोन रविवार मी त्याच्या शेडवर होते. मोटारीचे हेडलाइटचे बल्ब, एक मीटर आणि ठरावीक व्होल्टेजला बल्ब तोडणारं एक छोटं सर्किट. कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदाच सोल्डरिंग केलं, बोट भाजलं. चाचण्या त्याने करून घेतल्या. पॅक तो आता बहुतेक जहाजानेच पाठवतो, अडीनडीला मालवाहू विमानाने, खोक्यावर नवव्या वर्गाचं काळ्या पट्ट्यांचं लेबल लावून. त्याच्या फॉर्मवर पहिल्यांदा चार्ज आला तो सत्तावीस टक्के. तो आकडा बघून मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

तो इथेच बसला आहे. त्याने आधीच बजावलंय, माझ्याकडे बघून बोलू नकोस.

सर घड्याळ दाखवतायत, जेवण गार होतंय. एकच काम. ज्यांचं आज रात्री विमान आहे, त्यांनी मोठ्या बॅगेत पॉवर बँक टाकली असेल तर आत्ताच काढून हातातल्या पिशवीत घ्या. केबिनमध्ये पेटली तर कोणीतरी बघेल, पाणी ओतेल. खालच्या बॅगांमध्ये बघायला कोणी नसतं. वीस हजार एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर भरते आणि मर्यादा १००ची आहे, म्हणजे चालेल. फुगलेली असेल तर मात्र विमानात नेऊच नका. हिशेब जमत नसेल तर माझ्याकडे आणा. मी पंगतीत डाव्या टोकाला बसणार आहे, बाईंच्या शेजारी.