समुद्राकाठच्या खोलीत जिम: काय घ्यायचं, काय नाही

मी सातपाटीहून बोलतेय. मागे बोटीच्या इंजिनाचा आवाज आला तर सांभाळून घ्या, खिडकी लावली की इथे घामाच्या धारा लागतात.

आजचा विषय आहे, पाहुण्यांसाठी व्यायामाचं सामान. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट शाकारून ठेवलेली, बाबा जाळी दुरुस्त करत बसलेले. त्या दिवसांत घर चालतं ते बरंचसं या खोल्यांवर. हल्ली फोनवर पापलेटच्या आधी विचारतात, "जिम आहे का?" त्यासाठी आम्ही पंचवीस हजार बाजूला काढले आणि घरात वाद सुरू झाला. माझा भाऊ म्हणाला ट्रेडमिल. मी म्हटलं, अजिबात नाही.

का ते सांगते. एक तर खारा वारा. इथे सायकलची चेन आठवड्यात लाल होते, तिथे ट्रेडमिलच्या आतलं सर्किट किती दिवस टिकेल? दुसरं म्हणजे, तिला १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं. वीज गेली की घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ती चालत नाही, आणि पावसाळ्यात इकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. तिसरं, वॉरंटी कार्ड वाचा. बऱ्याच मशीनवर "फक्त घरगुती वापरासाठी" असं बारीक अक्षरात असतं. खोली भाड्याने दिली की तो वापर घरगुती राहत नाही, मग कंपनी हात वर करू शकते.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. आमच्याकडे येतात ती कुटुंबं, लहान मुलांसकट. २०२१च्या मे महिन्यात अमेरिकेत पेलोटन कंपनीने आपल्या 'ट्रेड प्लस' ट्रेडमिल परत मागवल्या. एक मूल दगावलं होतं. माणसं, मुलं, पाळीव प्राणी, वस्तू मागून पट्ट्याखाली ओढल्या गेल्याच्या सत्तरहून जास्त घटना नोंदल्या गेल्या होत्या. आपल्या घरातली पोरं ओरडलं की ऐकतात तरी. दोन रात्रींसाठी आलेल्या पाच वर्षांच्या मुलाला आपण किती ओळखतो? आई-वडील दुपारी मासे खाऊन आडवे झालेले असतात, पोर मोकळं.

आणि धावायला शिरगावचा किनारा आहे की! ओहोटीला वाळू ओली आणि टणक असते, पाय रुतत नाही. म्हणून मी खोलीत ट्रेडमिलऐवजी ओहोटीच्या वेळा लावल्यात. आमच्याकडचा ढोबळ हिशोब असा: तिथीला पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, सव्वानऊच्या सुमाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. मग पाहुण्यांना सांगायचं, आठला निघा. पावसाळ्यात मात्र हे बंद, तेव्हा समुद्राजवळ कुणालाच पाठवत नाही. म्हणूनच खोलीत काहीतरी हवं.

तर काय घेतलं? डंबेल. दोन, तीन आणि पाच किलोच्या जोड्या, मुठीसकट पूर्ण निओप्रीनचं आवरण असलेल्या. नुसत्या टोकांना रबर आणि मधे चकचकीत क्रोमची मूठ असते ना, त्या क्रोमला इथे फोड येतात आणि तळहात कापतो. वजन कमी-जास्त करता येणारे डंबेल दिसायला भारी, पण त्यांच्या लॉकमध्ये मीठ बसलं आणि प्लेट निसटून पायावर पडली तर? नको.

पुलअप बारसाठी बाबांना विचारलं. बोटीवर कोणता धातू टिकतो ते त्यांच्याइतकं कोण सांगणार? ते म्हणाले, स्टीलमधलं ३१६ घे, ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. ते बरोबर आहे. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाला ते जास्त तोंड देतं. बार काँक्रीटच्या बीममध्ये अँकर बोल्टने बसवला, बोल्टही ३१६चेच. दाराच्या चौकटीत अडकवायचे बार घेऊ नका. नवखा पाहुणा झोका घेतो आणि चौकटीसकट खाली येतो.

भावाने लटकून व्यायाम करायला बोटीवरचा जुना दोर सुचवला. बाबांनी एका शब्दात तो बाद केला: उन्हात राहिलेला नायलॉन वरून धड दिसतो, आतून गेलेला असतो. हेच रबरी बँडचं. ताणून बघायचे, बारीक चीर दिसली की कात्री लावून फेकायचे, कारण तुटलेला बँड थेट डोळ्यावर येतो. आम्ही ते दर हंगामात नवे घेतो.

आणि माझी आवडती वस्तू, मुद्गल! लाकडाला गंज चढत नाही, अधूनमधून तेलाचा हात फिरवला की झालं. हलकी जोडीच घ्या. फिरवायला अंगण हवं, खोलीत नाही, वर पंखा असतो. मुंबईचे पाहुणे बाकी सगळं सोडून याच्याबरोबरच फोटो काढतात. आता भाऊसुद्धा त्याचे रील टाकतो, ट्रेडमिलचं नाव काढत नाही.

दोन चटया धरून पंचवीस हजारांतले थोडे उरले. त्यातून कुलूप लागणारं प्लॅस्टिकचं कपाट घेतलं, लोखंडी नाही. किल्ली पाहुण्यांतल्या मोठ्या माणसाच्या हातात देते. ते गेले की गोड्या पाण्याच्या फडक्याने सगळं पुसते, कोरडं करते, बारचे बोल्ट पान्याने तपासते. वीस मिनिटांचं काम आहे. चटया उभ्या वाळत घालायच्या, गुंडाळून ठेवल्या तर जुलैत बुरशी धरते.