चुलीचा धूर आणि गावाचे आरोग्य



शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये बांधून पूर्ण झाले आणि तेव्हापासून मुंबईची तहान ते भागवीत आले आहे. भोवतालच्या अरण्यास १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. अशा वनराजीत राहणाऱ्यांना हवेच्या प्रदूषणाची चिंता ती कशाची, असा प्रश्न सहज मनात येतो. शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही पाड्यावर सायंकाळी कौलांमधून बाहेर पडणारा धूर हेच त्या प्रश्नाचे उत्तर होय.

हवा दूषित होण्याच्या बहुतेक कारणांच्या मुळाशी ज्वलन असते. मुंबई-नाशिक महामार्गावरील वाहने, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने, दिवाळीनंतर पेटणाऱ्या वीटभट्ट्या, उन्हाळ्यातील वणवे, भाताच्या रोपांसाठी भाजले जाणारे राब आणि उकिरड्यावर जळणारे प्लॅस्टिक ही या भागातील प्रमुख उगमस्थाने. तथापि माणसाच्या नाकातोंडाशी सर्वांत जवळ असलेले उगमस्थान म्हणजे घरातील चूल.

लाकूड पूर्ण जळले नाही, की धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड वायू व अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. पावसाळ्यात जळण ओले असते आणि झडीमुळे दारही लोटलेले असते. साहजिकच धूर घरातच कोंडतो. यातील अडीच मायक्रॉनहून लहान कण नाकातील केसांना अडत नाहीत. ते फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही मिसळू शकतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो. गर्भवतीच्या बाबतीत तिच्या पोटातील बाळासही त्यामुळे प्राणवायू कमी पडतो.

परिणामी लहान मुलांना न्यूमोनिया, कमी वजनाची बालके, श्वासनलिकांचा दीर्घकालीन विकार, मोतीबिंदू, हृदयरोग आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा धोका वाढतो. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या स्त्रीलाही उतारवयात धाप लागते, ती यामुळेच. घरातील धुरामुळे २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

देशात हवा प्रदूषणविषयक कायदा १९८१ मध्ये झाला. त्याचा मुख्य रोख कारखान्यांवर आहे. प्रत्येक घरच्या चुलीपर्यंत निरीक्षक पोहोचणे शक्य नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅसची शेगडी आली. परंतु सिलिंडर पुन्हा भरून आणण्यास पैसा लागतो आणि रानातील मोळीला केवळ बाईचे श्रम लागतात. ते कोणी हिशेबात धरीत नाही. म्हणून शेगडी असूनही चूल पेटतच राहते. धुराने बियाणे किडीपासून वाचते, राबाने तणांचे बी जळते, हेही खरेच. लोकांच्या या गरजा ध्यानी न घेता केलेला उपदेश व्यर्थ होय.

यास्तव पंचायतीने आपल्या हातचे उपाय आधी योजावेत. चुलीला धुराडे बसविण्यास साहाय्य द्यावे. मात्र ते वेळोवेळी साफ न केल्यास काजळीने तुंबते, हेही समजावून सांगावे. पावसाळ्यापूर्वी जळण वाळवून छपराखाली रचावे. गुरे असलेल्या कुटुंबांना गोबरगॅस संयंत्राची माहिती द्यावी. कृषी कर्मचाऱ्यांनी राबाऐवजी शेणखत घातलेल्या गादीवाफ्यावर रोपे तयार करून दाखवावीत. वीटभट्टीवर कामास येणाऱ्या कुटुंबांची झोपडी भट्टीच्या धुराच्या वाटेत नसावी, याकडे लक्ष पुरवावे. आरोग्यसेविकेने खोकल्याची चौकशी करताना चूल कोठे आहे, हेही पाहावे. शिक्षकांनी मुलांकडून घरातील खिडक्या मोजवून घ्याव्यात. त्या एका पाठातून पुष्कळ उमगेल.

तानशाचे पाणी निर्मळ राहावे म्हणून भोवतालचे रान राखले गेले. त्याच रानाच्या काठी स्वयंपाक करणाऱ्या माउलीचा श्वासही तितकाच निर्मळ राहावा, ही जबाबदारी आता गावाने उचलावयास हवी.