सिलिकॉनवर प्रथिनाची बैठक

रक्तातली रोगाची खूण ओळखणारी चिप म्हटली की लक्ष जाते ते चिपकडे. माझ्या मते खरे कसब आहे ते तिच्यावर प्रथिन बसवण्यात. सिलिकॉनचा तुकडा हवेत आला की त्यावर काचेच्याच जातीचा, एक-दोन नॅनोमीटरचा थर धरतो. त्यावर प्रथिन नुसते टेकवले तर धुताना सुटते, नाहीतर पसरते आणि त्याची घडी मोडते. घडी मोडली की ओळख गेलीच. म्हणून आधी सिलेनचा लेप देतात. त्याचे एक टोक त्या थराला धरते, दुसऱ्या मोकळ्या टोकाशी ग्लुटराल्डिहाइडच्या दुव्याने प्रथिन बांधतात. पण ओळख पटवणारे प्रथिन बहुधा अँटीबॉडी असते; तिचा आकार बेचक्यासारखा असतो, पकड वरच्या दोन टोकांत. हा दुवा हाती लागेल तिथे धरतो, त्यामुळे कित्येक बेचकी आडवी-उलटी बसतात. दांड्यालाच धरणारे ‘प्रोटीन ए’ आधी अंथरले, तर टोके बरीचशी वर राहतात.

कोणी म्हणेल, साखर मोजायची पट्टी सिलिकॉनवाचून घरोघरी चालतेच की. चालते, कारण उपाशीपोटीही 100 मिलिलिटर रक्तात 70 ते 100 मिलिग्रॅम साखर असते. हृदयाला इजा झाल्यावर वाढणारे ट्रोपोनिन मोजावे लागते नॅनोग्रॅममध्ये. तिथे एकेक बेचके सुलट हवे. पवईच्या आयआयटीत रामगोपाल राव आणि सौम्यो मुखर्जी यांनी सूक्ष्म पट्ट्यांवर अँटीबॉडी बसवून हृदयविकाराच्या खुणा पकडण्याचे काम केले, त्याचे मोल मला म्हणूनच मोठे वाटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशा काही चिपांमधला, संशोधक बर्गव्हेल्ड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या जातीचा ट्रान्झिस्टर विद्युतभार ओळखतो. रक्तातले क्षार मात्र पृष्ठभागापासून नॅनोमीटरभर अंतरापलीकडचा भार झाकून टाकतात, आणि अँटीबॉडी असते दहाएक नॅनोमीटर उंच. उपाय आहेत: बेचक्याचे नुसते टोक तोडून बसवायचे, किंवा रक्तात पकड होऊ द्यायची आणि मग धुऊन विरळ क्षारात मोजायचे. म्हणजे अडचणही बैठकीची आणि तोडही तिथेच.

हे काम एका विद्याशाखेचे नाही. धारवाडला 2016 पासून आयआयटी आहे, कर्नाटक विद्यापीठ आहे, वीसेक किलोमीटरवर हुबळीची मोठी रुग्णालये आहेत. रसायन, चिप आणि रुग्ण इतके जवळ असताना हे काम इथे व्हावे, असे मला मनापासून वाटते. जवळच्या नवलगुंदला छातीत कळ आलेल्या माणसाला हुबळी गाठण्याआधी उत्तर हवे असते. तिथल्या उन्हाळ्यात प्रथिन टिकेल का, ही शंका रास्त आहे; त्यासाठी ट्रेहॅलोज ही साखर घालून प्रथिन वाळवतात. पाण्याची जागा ती साखर घेते आणि घडी धरून ठेवते.